शहाण्णव हजार पाचशे सत्त्याहत्तर

मंडईच्या मधल्या चौकात, भिंतीवर उंच, एक मोठं घड्याळ होतं आणि त्याच्या तबकडीखाली चार छोटी दारं होती. पहिल्या दारातून पाववाला बाहेर यायचा, दुसऱ्यातून शिंपीण, तिसऱ्यातून सुतार आणि चौथ्यातून डॉक्टर. हातभर उंचीच्या लाकडी बाहुल्या. बाहेर यायचं, जरा वाकायचं आणि आत जायचं, एवढंच त्यांचं काम. पण तेवढंही ते मिळून करत नसत. पाववाला दर तेरा तासांनी यायचा, शिंपीण दर सतरा, सुतार दर एकोणीस आणि डॉक्टर दर तेवीस तासांनी. डॉक्टर सगळ्यांत उशिरा येतो आणि आला तसा निघून जातो, यात मंडईतल्या कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

हे घड्याळ ज्यांनी बनवलं ते अण्णा गेली अकरा वर्षं मंडईत पाऊल टाकत नव्हते. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. भाजी आणायची तर आई जायची. अण्णा रोज संध्याकाळी फिरायला निघत तेही मोठा वळसा घालून, कारण जवळचा रस्ता मंडईच्या फाटकासमोरून जात होता. कुणी घड्याळाचा विषय काढलाच तर ते उठून पाणी प्यायला जायचे. या अकरा वर्षांत त्यांच्या पोटात किती पाणी गेलं असेल ते आईलाच माहीत.

त्यांच्या मुलीला मंडईत सगळे चिमटी म्हणत. हातात सदानकदा चिमटा असायचा, म्हणून चिमटी. मागच्या जिन्याखाली तिचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं एक भिंग आणि टेबलामागे ती. पूर्वी त्या टेबलामागे अण्णा बसायचे.

एका शनिवारी सकाळी मंडईच्या नव्या व्यवस्थापकबाई तिच्या टेबलापाशी आल्या. बाई तडफदार होत्या. आल्यापासून दोन महिन्यांत त्यांनी गळकं छप्पर दुरुस्त करून घेतलं होतं, त्यामुळे त्यांच्यावर चिडायचं ठरवलं तरी लोकांना ते जमत नव्हतं.

"ताई, मला एक सांगा," बाई म्हणाल्या, "ही वरची मंडळी नेमकी येतात कधी?"

"ज्याची त्याची वेळ असते," चिमटी म्हणाली.

"तेच तर. लोक मुलांना घेऊन येतात, माना वर करून उभे राहतात, मान अवघडली की निघून जातात. मी मोटर बसवून घेतेय. दर तासाला चौघं एकदम बाहेर. तुम्ही फक्त मागची जुनी चाकं काढून ठेवा. मोटरवाले परवाचा सोमवार सोडून त्यापुढच्या सोमवारी येणार आहेत."

चिमटीने मान डोलावली. नाही म्हणावं असं तिच्या फार मनात आलं, पण का नाही, असं बाईंनी विचारलं असतं तर तिला उत्तर देता आलं नसतं. त्या उत्तराचं हसं अकरा वर्षांपूर्वी सगळ्या मंडईसमोर झालं होतं.

ती हकिगत अशी. घड्याळ बनवताना अण्णांनी चारही चाकांचे दाते मुद्दाम असे निवडले होते की त्यांत एकमेकांशी सामाईक असा एकही अवयव नसावा. तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस. ज्यांना स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कुणीच भाग देऊ शकत नाही असे हे चार हट्टी आकडे. दर तासाला टोले पडले की चारही चाकं एकेक दाता पुढे सरकायची आणि एखाद्या चाकाचा फेरा पुरा झाला की त्याचं दार उघडायचं. मग चौघं एकाच वेळी बाहेर कधी येणार? शाळेत ज्यांनी लसावि काढला आहे त्यांना हे सांगायला नको, आणि ज्यांनी शेजाऱ्याच्या पाटीवर बघून काढला त्यांनाही थोडंफार आठवत असेल. चारही आकड्यांचा गुणाकार करायचा. शहाण्णव हजार पाचशे सत्त्याहत्तर. इतक्या तासांनी एकदा. म्हणजे अकरा वर्षं आणि वर जेमतेम एक आठवडा.

"कुठूनही सुरू करा," अण्णा त्या काळी ऐकेल त्याला सांगायचे. "कुणाला पुढे ठेवा, कुणाला मागे. हे चौघं कधी ना कधी एकत्र येणारच, त्यातून त्यांची सुटका नाही. बारा आणि अठरा दात्यांची चाकं घेतली असती ना, तर चुकीच्या जागी सुरू झालेली दोघं जन्मात भेटली नसती."

घड्याळ वर्षभराचं झालं तेव्हा एका शनिवारी दुपारी चार वाजता ते खरोखर घडलं. अण्णा आणि आई नेमके कांदे निवडत चौकात उभे होते. चारही दारं उघडली, चौघं वाकले आणि आत गेले. गर्दीत दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. अण्णांनी सांगितलं तर लोक म्हणाले, बरं बरं, पुढच्या वेळी आम्हालाही बोलवा. अण्णांनी ते मनावर घेतलं. त्यांनी हिशेब केला आणि अकरा वर्षांनी, एका शुक्रवारी दुपारी चार वाजता, सगळ्यांना बोलावलं. तराजू खाली ठेवून लोक जमले. बायकांनी पोरांना खांद्यावर घेतलं. चारचे टोले पडले आणि चारांतलं एकसुद्धा दार उघडलं नाही.

निदान एखादं तरी उघडायचं. मंडईतले बेकरीवाले म्हणाले, "डॉक्टर आजारी पडला आणि बाकीचे तिघं त्याला बघायला गेले." लोक पोट धरून हसले आणि आपापल्या टोपल्यांकडे परतले. अण्णा मात्र तिथेच उभे राहिले. मंडई पावणेपाचला बंद व्हायची. घंटा झाली, दिवे मालवले, तरी ते हलेनात. शेवटी पहारेकऱ्याने हात जोडून त्यांना बाहेर काढलं आणि फाटकाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दुकानाच्या किल्ल्या चिमटीसमोर ठेवल्या. "दुकान आणि मोठ्या घड्याळाचे काटे तू बघ. मागच्या चार चाकांना हात लावू नकोस," एवढंच ते म्हणाले. नंतर एकदा आईपाशी त्यांच्या तोंडून निघून गेलं की एकोणीसचं चाक त्यांनी अंगात ताप असताना कापलं होतं. त्यातच एखादा दाता कमीजास्त झाला असणार. त्या दिवसानंतर त्यांनी चाक कापलं नाही. ज्यांनी कापलेली चाकं लांबलांबच्या गावांतली घड्याळं चालवत होती त्या माणसाचे हात घरात सुऱ्यांना धार लावण्यापुरते उरले.

चिमटीने अण्णांचा शब्द पाळला. खरं सांगायचं तर तिला तो पाळायला बरंच वाटलं. ती चाकं मोजायला शिडीवर दहा पायऱ्या चढायची काय ती खोटी. पण मोजली आणि अठरा भरले तर? वीस भरले तर? मग रोज रात्री अण्णांच्या समोर बसून जेवताना तो आकडा तिच्या घशात अडकला असता. वडिलांचा हात चुकला हे नक्की कळण्यापेक्षा न कळलेलं बरं, असं तिला वाटायचं, आणि त्यात तिने अकरा वर्षं काढली.

आता मात्र चाकं काढायचीच होती. त्याच शनिवारी, बाराचे टोले पडून गेल्यावर, ती शिडी चढून घड्याळामागच्या फळीवर जाऊन बसली. धुळीने तिला दोनदा शिंका आल्या. तिने खिशातून खडू काढला आणि घड्याळ दुरुस्त करणारे मोजतात तशी चाकं मोजायला घेतली. एका दात्यावर खडूची खूण करायची, तिथून एक म्हणायला सुरुवात करायची, चाकाभोवती बोट फिरवत खुणेचा दाता परत आला की थांबायचं. खुणेचा दाता सुरुवातीला मोजला आणि शेवटी परत मोजला, म्हणून आलेल्या आकड्यातून एक काढून टाकायचा. या धंद्यात बोट धरून शिकवतात ते हेच. अण्णांनी तिला शिकवलं होतं, अण्णांना त्यांच्या उस्तादांनी.

पाववाल्याचं चाक चौदा, एक काढला, तेरा. शिंपिणीचं अठरा, एक काढला, सतरा. डॉक्टरचं चोवीस, म्हणजे तेवीस. सुताराचं तिने शेवटी ठेवलं होतं. वीस. एक काढला. एकोणीस.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा एकोणीस. मग डोळ्याला भिंग लावून तिसऱ्यांदा मोजलं, प्रत्येक दात्याची कड बघितली. असलं सुबक चाक तिला स्वतःला ताप नसतानाही कापता आलं नसतं. ती तशीच फळीवर बसली आणि तिला रडू आलं. अकरा वर्षं घरात जी भीती एखाद्या जादा माणसासारखी जेवायला बसत होती, तिला मुळात बसायला जागाच नव्हती.

रडून झाल्यावर मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. चाकं बरोबर असतील, तर मग त्या शुक्रवारी दारं का उघडली नाहीत?

तिने प्रत्येक चाक आपल्या फेऱ्याच्या शेवटापासून किती दाते लांब आहे ते बघितलं. पाववाला सात, शिंपीण तीन, सुतार सहा, डॉक्टर दोन. म्हणजे असा आकडा शोधायचा, ज्याला तेराने भागलं तर सात उरतील, सतराने भागलं तर तीन, एकोणीसने सहा आणि तेवीसने दोन. असा एक आकडा असणारच, याची खात्री त्या चार हट्टी आकड्यांनीच दिली होती. फक्त तो कुठे लपला आहे ते बघायचं होतं. शहाण्णव हजारांमध्ये तो कुठेही असू शकत होता. तिने घड्याळाच्या मागच्या फळकुटावर खडूने डॉक्टरच्या वेळा मांडायला घेतल्या. दोन, पंचवीस, अठ्ठेचाळीस. प्रत्येकाला एकोणीसने भागून बघायचं, सहा उरतात का. पंचवीसला उरले, पण पंचवीस सतराच्या हिशेबात बसेना. पुढे बराच वेळ कुणी दाद देईना. मग चारशे बासष्ट आला. एकोणीसने भागला, सहा उरले. सतराने भागला, तीन. तेराने भागला, सात.

चारशे बासष्ट तास. म्हणजे एकोणीस दिवस आणि सहा तास. शनिवारी दुपारी बारापासून मोजायचं तर पुढे येणारा एक गुरुवार, संध्याकाळी सहा.

चिमटीला वाटलं होतं की उत्तर पाच-सहा वर्षं तरी लांब असेल. ते इतकं उंबऱ्याशी येऊन उभं राहिलेलं बघून तिने हिशेब पुन्हा केला. तोच आला. मग ती उलट्या बाजूने निघाली. या गुरुवारच्या आधी चौघं कधी भेटले असतील? शहाण्णव हजार पाचशे सत्त्याहत्तर भागिले चोवीस, चार हजार चोवीस दिवस, आणि बाकी उरला एक. तिने तेवढे दिवस मागे मोजले, तर तोच शुक्रवार आला. मग तो एक तासही मागे घेतला, आणि वेळ आली संध्याकाळी पाच.

चार नाही. पाच.

तिला तो दिवस स्वच्छ आठवला. अण्णा फाटकाबाहेर उभे होते, ती त्यांचा हात धरून त्यांना घरी न्यायला बघत होती, आणि आतून पाचचे टोले ऐकू आले होते. अण्णा प्रत्येक टोल्याला जरासे खचल्यासारखे दिसले होते. आणि नेमक्या त्याच वेळी, आत, अंधाऱ्या रिकाम्या चौकात, चारही दारं उघडली होती आणि चौघं कुणीच नसलेल्या मंडईला वाकून नमस्कार करत होते.

एक तास गेला कुठे, हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. खडू तिच्या हातातच होता. अण्णांनी जन्मभर खुणेचा दाता दोनदा मोजला आणि जन्मभर एक काढून टाकला. तासांचा हिशेब करतानाही हात सवयीने चालला. सत्त्याहत्तरातला एक त्यांनी काढून टाकला, आणि उरलेल्या आकड्याला चोवीसने इतका पुरा भाग गेला की शंका घ्यायला जागाच उरली नाही. बाकी शून्य आली की कुठला माणूस पुन्हा गणित तपासतो?

ती थेट व्यवस्थापकबाईंच्या खोलीत गेली. केसांत धूळ, हाताला खडू, अशीच.

"गुरुवारी सहाला?" बाई म्हणाल्या. "मंडई पावणेपाचला बंद होते."

"म्हणूनच आले. मोटरवाल्यांना दहा-बारा दिवस थांबवा आणि त्या दिवशी फाटक सातपर्यंत उघडं ठेवा."

बाईंनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मध्येच कागदावर गुणाकारही करून बघितला. मग पेन खाली ठेवलं. "मागच्या वेळची गोष्ट मी इथे आले त्याच दिवशी तिघांनी मला सांगितली. तिघंही हसत होते. मी मोटर थांबवते, फाटकही उघडं ठेवते. पण अण्णांनी स्वतः येऊन उभं राहायला हवं. ते आले नाहीत आणि दारं उघडली नाहीत, तर लोक त्यांच्या पाठीमागे त्यांना हसतील. ते माझ्या मंडईत मला चालणार नाही."

म्हणजे घोडं शेवटी अण्णांपाशीच अडलं होतं.

ती घरी आली तेव्हा अण्णा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सुरीला धार लावत होते आणि आई शेंगा सोलत होती. चिमटीने विषय काढला. "घड्याळ" हा शब्द कानावर पडताच अण्णा उठले आणि माठाकडे निघाले.

"अहो, बसा की," आई म्हणाली. "पोरगी कामावरून तशीच आली आहे. ऐकून तर घ्या. पाणी काय पळून जातंय?"

अण्णा बसले, पण दुसऱ्या अंगाला तोंड करून.

"अण्णा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस," चिमटी म्हणाली. "गुणाकार?"

"शहाण्णव हजार पाचशे सत्त्याहत्तर." स्वतःचं नाव सांगावं तसा त्यांनी तो आकडा सांगितला.

"चोवीसने भागा."

"चार हजार चोवीस. पुरा भाग जातो."

"नाही जात. एक उरतो."

"उरतो, पण तो काढायचा असतो. पहिला आणि शेवटचा एकच. किती वेळा शिकवलंय तुला."

"दात्यांचा काढायचा असतो, अण्णा. चाक फिरून खुणेच्या दात्याशी परत येतं म्हणून. तास कुठे परत येतात?"

अण्णांचं बोट टेबलावर गोल फिरू लागलं. एक फेरा, दुसरा फेरा. मग ते बोट थांबलं आणि टेबलाच्या कडेने सरळ पुढे गेलं, एक, दोन, तीन, चार करत. कडेच्या टोकाशी ते बराच वेळ टेकून राहिलं. आईने शेंगा सोलायच्या थांबवल्या.

"आणि चाक?" अण्णांनी विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की चिमटीला आधी ते कळलंच नाही. "एकोणीसचं?"

"तीनदा मोजलं. भिंग लावून. एकोणीस. कड सुद्धा कुठे खाल्लेली नाही."

"म्हणजे नुसता हिशेब चुकला होय," अण्णा म्हणाले, आणि हिशेब बरोबर निघाल्यावर लोकांचा जीव भांड्यात पडतो तसा त्यांचा तो चुकल्यावर पडला. "हिशेब काय, कुणाचाही चुकतो. मला वाटलं हातच गेला." त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि ते बघत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलंही नाही.

"अकरा वर्षं लांबच्या रस्त्याने फिरलात," आई डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "तेवढी तब्येत मात्र सुधारली."

थोड्या वेळाने अण्णांनी मान वर केली. "चारचं पाच. म्हणजे मी फाटकाबाहेर होतो तेव्हा..."

"हो."

"चौघंही?"

"चौघंही."

चिमटीने गुरुवारचं आणि बाईंच्या अटीचं सांगितलं तेव्हा अण्णांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "आणि पुन्हा नाही उघडली दारं तर? चिमटे, एकदा तोंडघशी पडलेल्या माणसाला खाली किती टणक असतं ते माहीत असतं."

"तर माझा हिशेब चुकला म्हणायचं," चिमटी म्हणाली. "लोक मला हसतील. चाकं तर मोजून झाली आहेत, त्यांना आता कुणी काही म्हणू शकत नाही."

"बघू," अण्णा म्हणाले. आईने चिमटीकडे बघून हळूच मान हलवली. त्यांच्या घरात बघू म्हणजे नाही, असाच इतक्या वर्षांचा रिवाज होता.

त्या गुरुवारी पाच वाजायच्या आधी अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला, काठी घेतली आणि कुणाला न विचारता जवळच्या रस्त्याने निघाले. आई आणि चिमटी मागोमाग. फाटकापाशी पहारेकऱ्याने त्यांना ओळखलं आणि तो इतका बाजूला झाला की भिंतीलाच टेकला.

मंडईत माणसंच माणसं. मागच्या वेळी हसलेले आले होते, त्यांची मुलं आली होती, आणि ज्यांनी ती गोष्ट नुसती ऐकली होती तेही आले होते. लोकांनी वाट करून दिली. बेकरीवाले स्वतःचं स्टूल घेऊन आले. त्यांचे केस आता पिकले होते आणि अण्णांच्या नजरेला नजर देताना त्यांना जड जात होतं. अण्णांनी स्टूल घेतलं नाही. "उभाच राहतो," ते म्हणाले.

पाचचे टोले पडले. एकही दार उघडलं नाही. गर्दीत कुठेतरी खुसखुस झाली आणि चिमटीने पटकन वरच्या दारांकडे बघितलं. तिला माहीत होतं की पाचला काही होणार नाही, गणिताप्रमाणे व्हायलाच नको होतं, तरीसुद्धा. अण्णा मात्र जागचे हलले नाहीत. "पाच नाही, सहा," ते मोठ्याने म्हणाले. "मागच्या वेळी मी एक तास आधी बोलावलं तुम्हाला. हिशेब माझा चुकला होता. घड्याळाचा नाही."

सगळ्या मंडईसमोर ते असं सहज बोलून गेले, जणू भाजीत मीठ कमी पडलं होतं. खुसखुस थांबली. पुढचा तासभर कुणी घरी गेलं नाही. बेकरीवाल्यांनी दुकानातले उरलेले पाव पोरांना वाटून टाकले. व्यवस्थापकबाई दोनदा फाटकापर्यंत गेल्या आणि दोनदा परत आल्या.

सहाचा पहिला टोला पडला तेव्हा आईने अण्णांची बाही धरली. दुसरा, तिसरा. चिमटी मनातल्या मनात पुन्हा भागाकार करत होती. सहावा टोला विरला आणि वर चार चापांचा एकच आवाज झाला.

पाववाल्याचं दार उघडलं. शिंपिणीचं उघडलं. सुताराचं उघडलं. चौथं दार मात्र थरथरलं आणि तिथेच अडकलं. मग आतून डॉक्टरने दाराला ढोसल्यासारखा आवाज झाला, दार खाडकन उघडलं आणि डॉक्टर बाहेर आला. चौघं शेजारीशेजारी उभे राहिले, वाकले, आणि आत गेले. दारं मिटली.

शिंकायला लागतो तेवढा वेळ. पण लोक बंद दारांकडे बघतच राहिले. बेकरीवाल्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती आणि ती पुन्हा घालायचं त्यांना भान नव्हतं.

"अण्णा, माझं चुकलं," ते म्हणाले.

"एकाचंच तर चुकलं होतं, तेही माझं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी बेकरीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता पुन्हा कधी?" व्यवस्थापकबाईंनी विचारलं.

"अकरा वर्षांनी. बुधवारी, संध्याकाळी सात वाजता."

"सात?"

"दर वेळी एक तास पुढे. तो एक उरतो ना, बाई. आता नाही काढून टाकणार."

बाईंनी पहारेकऱ्याकडे बघितलं. "त्या बुधवारी फाटक आठपर्यंत उघडं ठेवायचं आहे. लक्षात राहील?" पहारेकऱ्याने हो म्हटलं. मग बाई चिमटीला म्हणाल्या, "मोटरवाल्यांना मी नको म्हणून कळवते. हे चौघं दर तासाला आले, तर त्यांच्यासाठी फाटक कोण उघडं ठेवेल?"

गर्दी पांगायला लागली, पण अण्णा वर चौथ्या दाराकडेच बघत होते. मग त्यांनी काठी आईच्या हातात दिली आणि पहारेकऱ्याला शिडी आणायला सांगितली. चिमटीच्या दुकानातून त्यांनी कानस मागवली. शिडी लागली तसा त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"अण्णा, तुमचे गुडघे," चिमटी म्हणाली. "दार मी घासते उद्या. नाहीतर पुढच्या वेळेआधी कधीतरी. अकरा वर्षं आहेत अजून."

"पुढच्या वेळी मी पंच्याऐंशीचा असेन," अण्णा दुसऱ्या पायरीवरून म्हणाले. "तेव्हा मी खाली उभा राहून बघणार आहे, त्या वयात शिडीवर चढायला मला जमायचं नाही. काय ते आत्ताच करून ठेवायला हवं. धर नीट."

चिमटीने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.